ओणमची तारीख का पळते? केरळच्या सणांचं गणित, सोप्या भाषेत

२०२१ मध्ये ओणम २१ ऑगस्टला होता. २०२२ मध्ये ८ सप्टेंबरला, २०२३ मध्ये २९ ऑगस्टला, २०२४ मध्ये १५ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये ५ सप्टेंबरला. तारखा पुढेमागे होतात याचं आपल्याला नवल नाही, आपली दिवाळी तरी कुठे एका तारखेला असते! पण दिवाळीला निदान तिथी ठरलेली असते. ओणमची तिथी शोधायला गेलात तर एका वर्षी श्रावण शुद्ध चतुर्दशी सापडते, दुसऱ्या वर्षी भाद्रपद. महिनासुद्धा एक नाही. मग ओणम आहे तरी कधी?

ओणम येतो तो चिंगम महिन्यातल्या तिरुवोणम नक्षत्रावर. त्या एका वाक्यात केरळच्या निम्म्याहून जास्त सणांची किल्ली आहे. महिना सूर्य सांगतो, दिवस चंद्राचं नक्षत्र सांगतं, आणि तिथीला बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

आधी तिथी आणि नक्षत्र यांतला फरक पाहू, कारण घोळ तिथेच होतो. भिंतीवरचं घड्याळ घ्या. मिनिटकाटा आणि तासकाटा यांच्यात किती अंतर आहे हे मोजणं म्हणजे तिथी. मिनिटकाटा तबकडीवरच्या कोणत्या आकड्यावर आहे हे बघणं म्हणजे नक्षत्र. चंद्र हा मिनिटकाटा, सूर्य हा तासकाटा आणि मागचे तारे ही तबकडी. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी झाली. तीस तिथ्यांचा फेरा साडेएकोणतीस दिवसांत पुरा होतो. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकाची रुंदी १३ अंश २० कला. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, आणि सगळी फिरून तो जागेवर येतो सव्वासत्तावीस दिवसांच्या थोडं पुढे. दोन्ही फेऱ्यांत दोन दिवसांचा फरक आहे. तिथी आणि नक्षत्र यांची जोडी कायमची जुळत नाही ती यामुळे.

हे कठीण वाटत असेल तर आपल्या घरातल्या ज्येष्ठा गौरी आठवा. त्यांचं सगळं नक्षत्रावर चालतं. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन, मूळ नक्षत्रात विसर्जन. म्हणून तर गणपती बसल्यावर गौरी कधी तिसऱ्या दिवशी येतात, कधी चौथ्या, कधी पाचव्या. गणपती तिथीवर आणि गौरी नक्षत्रावर. केरळात गौरींचा हाच नियम बहुतेक मोठ्या सणांना लावलेला आहे. फक्त आपण गौरींना भाद्रपद हा चांद्र महिना लावतो आणि ते सौर महिना लावतात.

मल्याळी वर्षाचे बारा महिने म्हणजे सूर्याच्या बारा राशी. सूर्य सिंह राशीत शिरला की चिंगम, कन्येत शिरला की कन्नी, पुढे तुलाम, वृश्चिकम, धनु, मकरम, कुंभम, मीनम, मेडम, एडवम, मिथुनम आणि शेवटी कर्कडकम. आपल्याकडे या हिशेबावर चालणारा मोठा सण एकच, मकर संक्रांत. तसं त्यांच्याकडे दर महिन्याला संक्रांत होते आणि नवा महिना सुरू होतो. वर्ष चिंगमच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १७ ऑगस्टच्या आसपास बदलतं. या कालगणनेला कोल्लवर्षम म्हणतात आणि ती इसवी सन ८२५ पासून मोजतात; ऑगस्ट २०२४ मध्ये तिचं १२००वं वर्ष लागलं. महिने सूर्याचेच असल्यामुळे अधिक महिन्याची भानगड नाही. एका महिन्याचे दिवस मात्र एकोणतीसपासून बत्तीसपर्यंत कितीही असू शकतात, कारण सूर्याची चाल वर्षभर सारखी दिसत नाही. जून-जुलैत तो रेंगाळतो, डिसेंबर-जानेवारीत भरभर जातो.

हे महिने नुसते पंचांगापुरते नाहीत. नैर्ऋत्य मोसमी पावसाला केरळात एडवप्पाती म्हणतात, कारण तो एडवम महिना अर्धा सरला की येतो. एडवमचा मध्य म्हणजे जवळपास १ जून. वेधशाळेची केरळातल्या आगमनाची सर्वसाधारण तारीखही तीच! ऑक्टोबर-नोव्हेंबरचा विजा-कडकडाटाचा पाऊस तो तुलावर्षम, तुलाम महिन्यातला. आपला शेतकरी जसा मृग लागला, आर्द्रा निघाल्या असं बोलतो, तसा तिथला शेतकरी सूर्यनक्षत्रांना ञाट्टुवेला म्हणतो. त्यातली तिरुवातिरा ञाट्टुवेला, म्हणजे आपल्या आर्द्रा, मिरीचे वेल लावायला सगळ्यांत चांगली. कोळिकोडच्या सामुतिरी (झामोरिन) राजाबद्दल एक गोष्ट सांगतात: पोर्तुगीज मिरीची रोपं घेऊन निघाले, तेव्हा तो म्हणाला, वेल खुशाल न्या, आमची तिरुवातिरा ञाट्टुवेला थोडीच नेता येणार आहे! गोष्ट खरी-खोटी कशीही असो, मिरीला पाऊस कधी लागतो हे त्यात नेमकं आलं आहे.

आता ओणमची जुळणी करू. आपली नक्षत्रं आणि त्यांची नक्षत्रं एकच, उच्चार वेगळे. हस्त म्हणजे अत्तम, ज्येष्ठा म्हणजे तृक्केट्टा, श्रवण म्हणजे तिरुवोणम. सूर्य सिंह राशीत असताना चंद्र श्रवण नक्षत्रात आला की ओणम. श्रवण नक्षत्र आकाशात सिंह राशीच्या जवळजवळ समोरच्या बाजूला पडतं, म्हणून त्या दिवशी चंद्र पुनवेच्या बेतात आलेला असतो. हिशेब केला तर ओणम नेहमी शुद्ध एकादशी ते पौर्णिमा या पट्ट्यात येतो. आणि म्हणूनच मराठी माणसाला त्याची तारीख कालनिर्णय न उघडताही बरीचशी सांगता येते: ओणम एकतर नारळी पौर्णिमेच्या आगेमागे असतो, नाहीतर अनंत चतुर्दशीच्या. २०२१ मध्ये नारळी पौर्णिमा २२ ऑगस्टला आणि ओणम आदल्या दिवशी. २०२२ मध्ये अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला आणि ओणम पुन्हा आदल्या दिवशी. २०२५ मध्येही तसंच. सूर्य सिंहेत शिरल्यावर लगेच पुनव येणार असेल आणि तोवर श्रवण निघून गेलं नसेल तर श्रावणातला ओणम, नाहीतर भाद्रपदातला.

भाद्रपदातला असेल त्या वर्षी तर गंमतच. ओणमचे दहा दिवस अत्तमपासून मोजतात: अत्तम, चित्तिरा, चोदी, विशाखम, अनिळम, तृक्केट्टा, मूलम, पूराडम, उत्राडम, तिरुवोणम. यातलं पाचवं, सहावं, सातवं पाहा. अनिळम म्हणजे अनुराधा. आपल्या गौरी येतात, जेवतात आणि जातात ते तिन्ही दिवस ओणमच्या दहा दिवसांत जसेच्या तसे आहेत. २०२५ मध्ये १ सप्टेंबरला आपण गौरी पूजली आणि ५ तारखेला तिरुवोणम झाला. २०२२ मध्ये ४ आणि ८ सप्टेंबर. २०२४ मध्ये ११ आणि १५. गौरी जेवल्या की चार-पाच दिवसांनी ओणम.

२०२४ सालची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. नक्षत्रांचा फेरा सव्वासत्तावीस दिवसांचा आणि चिंगम महिना एकतीस दिवसांचा, त्यामुळे एकाच चिंगममध्ये श्रवण नक्षत्र दोनदा येऊ शकतं. त्या वर्षी तसंच झालं. नारळी पौर्णिमेच्या, म्हणजे १९ ऑगस्टच्या सकाळी श्रवण होतं, आणि १५ सप्टेंबरला पुन्हा आलं. अशा वेळी दुसरं धरायची रीत आहे, म्हणून ओणम सप्टेंबरात गेला. शिवाय नक्षत्र सूर्योदयानंतर किती घटिका असावं याचेही नियम आहेत. त्यामुळे घरी बसून काढलेल्या तारखेत एखाद्या दिवसाची चूक होऊ शकते. विमानाची तिकिटं काढण्याआधी मल्याळी पंचांग पाहिलेलं बरं.

तारीख ठरली. त्या दहा दिवसांत होतं काय?

अत्तमच्या दिवशी अंगणात पूक्कळम, म्हणजे फुलांची रांगोळी घालायला सुरुवात होते आणि रोज ती वाढत जाते. पूर्वी पोरं रानात जाऊन तुंब्याची बारकी पांढरी फुलं गोळा करून आणत. आता बहुतेक झेंडू कर्नाटकातल्या गुंडलुपेटहून आणि तमिळनाडूतल्या तोवाळैसारख्या फूलबाजारांतून ट्रकने येतो. त्याच दिवशी कोचीजवळच्या तृप्पूणित्तुरा इथे अत्तच्चमयम नावाची मिरवणूक निघते. ती कोचीच्या राजाची होती. राजे गेले, मिरवणूक लोकांनी ठेवली. काही घरांत मातीचे छोटे चौकोनी मनोरे करून अंगणात मांडतात, त्यांवर तांदळाच्या पिठाचं पाणी ओततात. त्यांना तृक्काक्करप्पन म्हणतात, तृक्काक्कराचा देव. तृक्काक्करा इथे वामनाचं देऊळ आहे. पण तो मनोरा वामन की महाबळी, हे विचारलंत तर दोन घरांत दोन उत्तरं मिळतील.

कारण ओणमची गोष्ट बळीराजाचीच आहे. वामनाने तीन पावलांत सगळं घेतलं, बळी पाताळात गेला, आणि वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो तो दिवस तिरुवोणम. तोच राजा आपण कार्तिकातल्या बलिप्रतिपदेला आठवतो. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं म्हणत ओवाळणारी मराठी घरं आणि महाबळीच्या राज्यात सगळी माणसं सारखी होती असं सांगणारा मल्याळी माणूस यांच्यात फार अंतर नाही. महात्मा फुल्यांनी बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणलं, तसंच केरळातही वामनापेक्षा बळी जास्त जवळचा मानणारी मोठी परंपरा आहे. पुराणात जो हरला त्याच्या नावाने सण, हे मला ओणममधलं सगळ्यांत विलक्षण वाटतं. आपल्याकडे बळी दिवाळीच्या धामधुमीत एका सकाळपुरता उरला. तिकडे तो राज्याचा सण होऊन बसला; सरकारने १९६१ मध्ये ओणमला तसा दर्जाही दिला. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांच्या घरी ओणम होण्यामागे हे एक कारण असावं. राजाला भेटायला धर्म लागत नाही.

‘काणम विट्टुम ओणम उण्णणम’ अशी म्हण आहे: जमीन-जुमला विकावा लागला तरी ओणमचं जेवण जेवावं. ते जेवण म्हणजे सद्या. केळीच्या पानावर उप्पेरी (केळ्याचे काप), गुळात घोळलेली शर्करा वरट्टी, इंजीकरी (आल्याचं गोड-तिखट लोणचं), अवियल, ओलन, कालन, एरिश्शेरी, तोरण अशा भाज्या, मग भातावर वरण-तूप, सांबार, रस्सम आणि शेवटी एकाहून जास्त पायसम. सद्या शाकाहारी असते असं सरसकट सांगतात ते दक्षिणेकडच्या केरळापुरतं ठीक आहे. मलबारात, म्हणजे उत्तर केरळात, कित्येक घरांत ओणमच्या पानावर मासळी किंवा मटण असतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

तिरुवोणमवर सण संपत नाही. उत्राडम हा पहिला ओणम, तिरुवोणम दुसरा, अविट्टम तिसरा आणि चतयम चौथा. चौथ्या ओणमला त्रिशूरच्या रस्त्यांवर पुलिकळी असते: अंगभर पट्टे-ठिपके रंगवलेले, सुटलेल्या पोटावर वाघाचं तोंड काढलेले पुरुष चेंडा या ढोलाच्या ठेक्यावर नाचतात. पोट जितकं मोठं तितका वाघ भारी. चतयम म्हणजे शततारका. याच नक्षत्रावर समाजसुधारक श्रीनारायण गुरूंची जयंती येते. पुढे उत्रट्टातीला, आपल्या उत्तराभाद्रपदा नक्षत्राला, पंपा नदीवर आरन्मुळाची वल्लमकळी. वल्लमकळी म्हणजे होड्यांची शर्यत असं भाषांतर करतात, पण आरन्मुळाच्या लांबलचक पल्लियोडम होड्या पार्थसारथीच्या देवळाच्या आहेत आणि त्यांतली गाणी, वल्ह्यांचा ताल हेच तिथे बघायचं असतं.

नक्षत्रांची ही सवय माणसांच्या आयुष्यातही आहे. जुन्या वळणाच्या मल्याळी घरात वाढदिवस म्हणजे जन्माचा सौर महिना आणि जन्मनक्षत्र. त्रावणकोरच्या राजांची तर नावंच नक्षत्रांवरून पडली: स्वाती तिरुनाळ, उत्रम तिरुनाळ, मूलम तिरुनाळ, चित्तिरा तिरुनाळ. यातल्या चित्तिरा तिरुनाळ यांनी सगळ्या जातींच्या हिंदूंना देवळं खुली करणारा जाहीरनामा वाढदिवसाच्या निमित्ताने काढला. जाहीरनाम्याची तारीख १२ नोव्हेंबर १९३६ आणि राजाचा जन्म ७ नोव्हेंबर १९१२ चा. तारखा जुळत नाहीत म्हणून इतिहासाची पुस्तकं चुकली असं समजू नका. १२ नोव्हेंबरला चंद्र चित्रा नक्षत्रात होता.

एकदा किल्ली हातात आली की बाकीचे सण पटापट उलगडतात. धनु महिन्यातलं तिरुवातिरा, म्हणजे आर्द्रा नक्षत्र, डिसेंबर-जानेवारीत येतं. सूर्य धनूत असताना आर्द्रा बरोबर समोर, म्हणून हा सण पौर्णिमेच्या अगदी लगत पडतो. बायका शंकरासाठी उपास करतात, रात्र जागवतात आणि दिव्याभोवती फेर धरून तिरुवातिराकळी नाचतात. आपल्या मंगळागौरीचीच मल्याळी बहीण म्हणा ना. उपासाला भात चालत नाही, पण कंदमुळं आणि आरारूटची खीर चालते.

कुंभम महिन्यातलं पूरम नक्षत्र, आपली पूर्वा फाल्गुनी, हेही पुनवेजवळच येतं. त्या दिवशी तिरुवनंतपुरमच्या आट्टुकाल देवीचा पोंगाला असतो. देवळाच्या परिसरापासून कित्येक किलोमीटरपर्यंत रस्त्यांच्या कडेला, पदपथांवर, लोकांच्या अंगणांत बायका तीन विटा मांडून चूल करतात आणि मडक्यात तांदूळ, गूळ, खोबरं शिजवतात. देवळातल्या चुलीत अग्नी पडला की तो एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर जातो. १९९७ आणि २००९ मध्ये बायकांचा जगातला सगळ्यांत मोठा मेळा म्हणून गिनेस बुकात याची नोंद झाली. २००९ चा आकडा पंचवीस लाख होता. शहराच्या त्या भागात त्या दिवशी पुरुषांना फारसं काम नसतं, पाणी आणून द्यायचं आणि वाटेतून बाजूला व्हायचं. २०२५ मध्ये हा पोंगाला १३ मार्चला आला, आपल्या होळीच्याच दिवशी.

तेच पूरम नक्षत्र मेडम महिन्यात, एप्रिल-मेच्या भर उन्हात आलं की त्रिशूर पूरम. हा उत्सव देवळांच्या मानाने तरुण आहे. कोचीचा राजा शक्तन तंपुरान याने तो अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू केला. त्याची कारकीर्द १७९० ते १८०५. सांगितलं जातं की १७९६ मध्ये आसपासची देवळं पावसामुळे आराट्टुपुळाच्या जुन्या पूरमला उशिरा पोचली आणि त्यांना आत घेतलं नाही. ती राजाकडे गाऱ्हाणं घेऊन गेली. राजाने सांगितलं, मग आपलं पूरम वडक्कुन्नाथन देवळाच्या मैदानावर करू. कसं करायचं ते त्याने असं ठरवलं की सव्वादोनशे वर्षं झाली तरी चुरस तशीच आहे. पारमेक्कावू आणि तिरुवंबाडी अशा दोन बाजू, प्रत्येकीचे पंधरा हत्ती, वाद्यं, छत्र्या आणि दारूकाम. आणखी आठ लहान देवळं आपापल्या मिरवणुका घेऊन येतात.

दुपारी तिरुवंबाडीचं पंचवाद्यम आणि पारमेक्कावूचं इलंजित्तरा मेळम रंगतं. मेळमात शेकडो वादक असतात, चेंडा, झांजा, कोंब नावाचं वाकडं शिंग आणि कुळल ही सनई. लय अगदी सावकाश सुरू होते आणि दोन-अडीच तासांत टप्प्याटप्प्याने चढते. टप्पा बदलला की हजारो हात एकदम वर जातात. पुण्यातल्या ढोल-ताशाच्या पथकांत वाजवणाऱ्यांनी हे एकदा उभं राहून ऐकावं. आवाज आपल्यापेक्षा कमी नाही, पण घाई कुठेच नाही. संध्याकाळी कुडमाट्टम: दोन्ही बाजूंचे हत्ती समोरासमोर उभे, वरची माणसं रेशमी छत्र्या झपाझप बदलतात, समोरच्याने लाल काढली की इकडून सोनेरी. कोणत्या छत्र्या निघणार हे शेवटपर्यंत गुपित असतं. मग पहाटे दारूकाम.

इथे थोडं कडू बोलायला हवं. ऐन उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभे केलेले हत्ती आणि गर्दीजवळचं दारूकाम यांवरून केरळात वर्षानुवर्षं वाद आणि कोर्टकज्जे चालू आहेत. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे कोल्लमजवळच्या परवूरला पुट्टिंगल देवीच्या उत्सवात दारूच्या साठ्याचा स्फोट होऊन शंभरावर माणसं गेली. तोही नक्षत्राचाच उत्सव, मीनम महिन्यातल्या भरणीचा. त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळी इथल्या कृष्णाच्या देवळाने २०२३ मध्ये खऱ्या हत्तीऐवजी यांत्रिक हत्ती आणला. मोठ्या पूरमांना हे पटेल असं आत्ता तरी दिसत नाही, पण परंपरा म्हणजे काय न बदलणारी गोष्ट, असं म्हणणाऱ्यांनी शक्तन तंपुरानने एका भांडणातून नवा उत्सवच काढला होता हे विसरू नये.

काही सणांत चंद्राचा संबंधच नाही, नुसता सूर्य. सगळ्यांत गोड त्यातला विषू, मेडमचा पहिला दिवस, १४ किंवा १५ एप्रिल. आदल्या रात्री घरातली मोठी बाई उरुळीत, म्हणजे काशाच्या पसरट भांड्यात, तांदूळ, सोनेरी काकडी, नारळ, आरसा, कोरं वस्त्र, सोनं, नाणी आणि बहाव्याची पिवळी फुलं मांडते. पहाटे डोळे मिटलेल्या पोराबाळांना हात धरून आणतात आणि पहिलं दर्शन याचं घडवतात. मग थोरल्यांकडून हातावर पैसे. बहावा आपल्याकडेही त्याच दिवसांत फुलतो, पण आपण त्याला सणात जागा दिली नाही. विषू हा मुळात दिवस-रात्र समान होण्याचा दिवस. आज ते २०-२१ मार्चलाच होऊन जातं, कारण पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो आणि राशींवर चालणारी पंचांगं दर बहात्तर वर्षांना साधारण एक दिवस मागे पडतात. त्यामुळे आज चोवीस-पंचवीस दिवसांचं अंतर पडलं आहे. आपली संक्रांतही याच कारणाने खऱ्या उत्तरायणापासून लांब, १४-१५ जानेवारीला येते.

वर्ष चिंगममध्ये बदलतं तर विषूला नवं वर्ष का म्हणतात, असा प्रश्न पडेल. दोन्ही खरं आहे. चिंगम १ हे हिशेबाचं वर्ष, विषू हे शेतीचं आणि ग्रहगणिताचं. उत्तर मलबारात तर पूर्वी वर्ष कन्नी महिन्यापासून धरत. आपल्याकडे पाडव्याला वर्ष बदलतं आणि व्यापाऱ्याच्या वह्या दिवाळीत, तसंच हे.

शबरीमलाची यात्राही सूर्यावरच. वृश्चिकमच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे १६-१७ नोव्हेंबरपासून, एकेचाळीस दिवसांचा मंडलकाल आणि पुढे मकरमच्या पहिल्या दिवशी मकरविळक्कू हा उत्सव. मुंबई-पुण्यात काळे कपडे घातलेले अय्यप्पाचे भक्त नोव्हेंबरात दिसू लागतात ते यामुळे. कण्णूर-कासरगोडकडे तेय्यम या विधिनृत्याचा हंगाम तुलामच्या दहाव्या दिवशी, ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो आणि पाऊस येईपर्यंत चालतो. ज्यांना एरवी देवळाबाहेर उभं केलं जायचं अशा जातींतला माणूस तेय्यमच्या रात्री देव होतो आणि गावातले वरचे त्याच्यापुढे हात जोडतात. यावर वेगळं लिहायला हवं, इथे ओझरता उल्लेखच पुरे.

आणि तिथी? ती अगदीच बाद नाही. कर्कडकम महिन्यातली अमावास्या पितरांची. वर्कलाच्या समुद्रावर, आलुव्याला पेरियारच्या वाळवंटात, वायनाडमधल्या तिरुनेल्लीला पहाटेपासून तर्पणासाठी रांगा लागतात. ती आपली आषाढी अमावास्या, दिव्याची अवस. त्याच दिवशी आपल्याकडे बरेच जण गटारी म्हणून कोंबडी-मटणाच्या दुकानापुढे रांग लावतात! दसऱ्याला लहान मुलाच्या हाताने ताटातल्या तांदळात पहिलं अक्षर गिरवून घेतात तो विद्यारंभम, तोही तिथीवरचा. कृष्णजन्माला मात्र तिथी, नक्षत्र आणि सौर महिना तिन्ही बघतात. म्हणून २०२५ मध्ये आपली गोकुळाष्टमी १५ ऑगस्टला झाली आणि केरळातली १४ सप्टेंबरला. ऑगस्टच्या अष्टमीला चिंगम लागायला दोन दिवस कमी होते.

चर्चचे उत्सव इंग्रजी तारखेवर. अर्तुंकलच्या सेंट सेबास्टियनचा सण २० जानेवारीला, परुमलाचा २ नोव्हेंबरला. पण थाट ओळखीचा: ध्वजस्तंभावर झेंडा चढवून सुरुवात, मिरवणूक, चेंडा, रंगीत छत्र्या. अलप्पुळाची नेहरू ट्रॉफी शर्यत १९५२ पासूनची, नेहरूंच्या भेटीतून सुरू झालेली, ती तर बरीच वर्षं ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ठेवत. नक्षत्रावरच्या जुन्या शर्यतीसाठी चंपक्कुळमला जायचं, मिथुनम महिन्यातल्या मूलम नक्षत्राला, भर पावसात.

जुन्या पंचांगाला नव्या जगाने वाट करून दिल्याचं उदाहरण तिरुवनंतपुरमला आहे. पद्मनाभस्वामींच्या देवळात वर्षातून दोनदा, तुलाम आणि मीनम महिन्यांत, मोठा उत्सव होतो आणि शेवटी देव समुद्रस्नानाला, आराट्टाला, शंखुमुखमच्या किनाऱ्यावर जातात. ती वाट विमानतळाच्या आधीपासूनची. विमानतळ १९३२ मध्ये मधे आला. म्हणून त्या दोन दिवशी काही तास उड्डाणं थांबवतात, तशी सूचना विमान कंपन्यांना आधीच जाते, आणि मिरवणूक थेट धावपट्टीवरून पलीकडे जाते.

केरळला जायचा बेत असेल तर ओणमच्या आठवड्यात गाड्यांची आरक्षणं फार लवकर भरतात. नेत्रावती एक्सप्रेसचं तिकीट ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. २०२६ चा तिरुवोणम २६ ऑगस्टला आहे, राखी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी. तिकीट नाहीच मिळालं तर मुंबई-पुण्यातल्या एखाद्या केरळ समाजाच्या कार्यालयात चौकशी करा. सभागृह आणि आचारी रविवारीच मोकळे मिळतात, त्यामुळे त्यांचा ओणम सप्टेंबरचे कित्येक रविवार चालू असतो, आणि तिथे नक्षत्र कुणी बघत नाही.